अजादुग्धाचे गुण आणि शेळीचा चारा

अजादुग्धाचे गुण सांगताना वाग्भटाचार्यांनी त्यांचे कारणही दिले आहे. शेळी पाणी कमी पिते, हिंडते फार आणि कटु-तिक्त पाला खाते. म्हणून तिचे दूध लघु असते व शोष, ज्वर, श्वास, रक्तपित्त, अतिसार यांत उपयोगी पडते, असा अष्टांगहृदयाचा अभिप्राय आहे. म्हणजे दुधाचा गुण शेळीच्या आहार-विहारावर अवलंबून आहे. आपण गुण पाठ म्हणतो. कारणाकडे मात्र क्वचितच पाहतो. निदान यवतमाळ जिल्ह्यात तरी हे दुर्लक्ष आता परवडणारे नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आपला जिल्हा कपाशीचा. कापसाची उलंगवाडी झाली की शेळ्यांचे कळप पऱ्हाटीत शिरतात आणि उरलीसुरली पाने, किडकी बोंडे खातात. घरी तुरीचे, हरभऱ्याचे व सोयाबीनचे कुटार असते. दुभत्या शेळीला मूठभर सरकी किंवा ढेप मिळते. यात मुळात गैर काही नाही. तुरीचे कुटार शेळी आवडीने खाते, उन्हाळ्यात तोच तिचा आधार असतो. जे माणसाला खाता येत नाही त्याचे दूध करून देणारा हा प्राणी गरिबाची गाय ठरला, तो याच गुणामुळे.

प्रश्न मात्रेचा, काळाचा आणि संस्काराचा आहे. सरकीत गॉसिपॉल नावाचे विषारी द्रव्य असते. रवंथ करणाऱ्या प्रौढ जनावराच्या पोटात त्याचा बराच अंश प्रथिनांशी बांधला जाऊन निष्प्रभ होतो. दूध पित्या करडाचे पोट तेवढे तयार नसते, त्यामुळे त्याच्या हृदयास व यकृतास इजा पोहोचते. अति मात्रेत प्रजननाच्या बोकडाचे शुक्रही बिघडते. ढेप आणि कोंडा यांत स्फुरद अधिक असते; त्यांचा अतिरेक झाल्यास बोकडांना मूत्राश्मरी होते. ज्वारी कापल्यावर फुटलेले कोवळे धुमारे खाऊन जनावरे तडकाफडकी दगावतात, हे तर प्रत्येक गुराख्यास ठाऊक आहे.

याहून गंभीर बाब फवारणीची. 2017 च्या पावसाळ्यात याच जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी व शेतमजुरांचे बळी गेले. ज्या पानांवरचे विष माणसाला श्वासातून आणि त्वचेतून मारते, तीच पाने शेळी खाते. गुलाबी बोंडअळीमुळे फवारण्या हंगामाच्या अखेरीपर्यंत लांबल्या, तर शेवटची फवारणी आणि चराई यांतील अंतर कमी होते. शेळी त्या दिवशी मेली नाही म्हणजे ती निरोगी आहे, असे समजू नये. अल्प मात्रेत साचत जाणाऱ्या दूषीविषाची कल्पना आपल्याच शास्त्राची आहे.

औषधनिर्मात्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानी घ्यावी. ओलसर ढेपेवर बुरशी चढली की तीत अफ्लाटॉक्सिन तयार होते आणि त्याचा अंश दुधात उतरतो. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या 2018 च्या राष्ट्रीय दूध सर्वेक्षणात 6,432 नमुन्यांपैकी 5.7 टक्के नमुन्यांत हे विष मर्यादेबाहेर आढळले. दूध उकळल्याने ते नष्ट होत नाही. एंडोसल्फानसारखी कीटकनाशके मात्र स्निग्धांशात साठतात. 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एंडोसल्फानवर बंदी घातली. तात्पर्य, बुरशीचे विष दुधात पाहावे आणि स्नेहात विरघळणारे घृतात. अजापंचक घृतासारख्या कल्पात दूध, दही, तूप, मूत्र आणि शकृत् ही पाचही द्रव्ये एकाच प्राण्याची. त्याचा चारा दूषित असेल तर पाचही दूषित होण्याचा संभव आहे.

यावर कोणी म्हणेल, रानातला पाला खाणारी शेळी आता आणायची कोठून? चराऊ राने आटली, आणि शेतमजुराच्या घरची बाई शेळीला काय घालावे हे आपल्याला विचारून ठरवत नाही. आक्षेप खरा आहे. म्हणूनच आम्ही कुटाराला दोष देत नाही आणि शेळी पाळणाऱ्यांनाही नाही. चिकित्सकाने दोष शोधावा तो आधी आपल्या व्यवहारात. क्षयाने कृश झालेल्या रुग्णाला आपण अजादुग्ध सांगतो. ते ज्या शेळीचे, ती काल फवारलेल्या वावरात होती काय, हे विचारण्यास दोन मिनिटे पुरतात. विश्वासाने आलेल्या दुर्बळ रुग्णाच्या पोटात औषध म्हणून विष जाऊ नये, एवढेच यात पणाला लागले आहे.

यास्तव आमच्या सूचना मोजक्या आहेत. औषधशाळांनी दूध, तूप व मूत्र घेताना शेळीचा चारा आणि चराईचे ठिकाण नोंदवहीत लिहावे. खरेदीतील काही नमुने प्रयोगशाळेत तपासून घ्यावेत. वैद्यांनी शेळीपालकांस सांगावे की फवारणीच्या डब्यावरील प्रतीक्षाकाळ संपल्याविना शेळी वावरात सोडू नये, बुरशीची ढेप उकिरड्यावर टाकावी, करडांना सरकी देऊ नये, आणि कुटारासोबत बोर, बाभूळ, कडुनिंब यांचा पाला रोज थोडा तरी घालावा. शेळी लाळ गाळू लागली, थरथरू लागली, तर आपले काढे बाजूस ठेवून तिला तत्काळ पशुवैद्यकाकडे न्यावे. तेथे विलंब म्हणजे मृत्यू.

वनस्पती कोठे उगवली, कोणत्या ऋतूत खुडली, हे आपण पारखतो. प्राणिज द्रव्याला तोच न्याय लावणे ही नवी गोष्ट नव्हे. शास्त्राने सांगितलेल्या कारणाची ती आठवण आहे.