हंगाम कसा संपतो

२३ मार्च २०२५ च्या रविवारी मिनियापोलिसच्या रिडर अरीनात घड्याळ १८.९ सेकंदांवर अडले होते. फलकावर ओहायो स्टेट ३, विस्कॉन्सिन २. अमेरिकी विद्यापीठांच्या महिला आइस हॉकीचा हा अंतिम सामना. गोलपुढच्या छोट्या रंगीत पट्ट्यात झुंबड उडाली, त्यात पक अडकला आणि ओहायोच्या एका बचावपटूने तो हाताखाली घेतला, अशी विस्कॉन्सिनची हरकत होती. पंचांनी चित्रफीत पुन्हा पुन्हा पाहिली. त्या पट्ट्यात गोलरक्षकाखेरीज दुसऱ्या कुणी पक हाताने झाकला की शिक्षा ठरलेली आहे, पेनल्टी शॉट. बाकीच्या खेळाडू बाजूला, बर्फाच्या मध्यावर पक, एक मुलगी तो घेऊन निघणार आणि समोर एकटी गोलरक्षक. विस्कॉन्सिनतर्फे कर्स्टन सिम्स निघाली आणि पक जाळ्यात घालून परतली. सामना जादा वेळेत गेला. तिथे २ मिनिटे ४९ सेकंद झाली असताना पुन्हा सिम्सनेच गोल केला. ४-३. विस्कॉन्सिनचा हंगाम तिथे संपला. ४१ सामने, ३८ विजय, २ बरोबरी आणि हार फक्त १.

मार्च सरत आलेला, विदर्भात पारा चाळिशीला टेकलेला, पाडव्यासाठी बाजारात साखरेच्या गाठी लटकलेल्या, अशा दिवसांत बर्फावरच्या हॉकीवर अग्रलेख कशाला, असा प्रश्न वाचकाने विचारला तर तो रास्तच आहे. आपल्याकडे हॉकी म्हटले की ध्यानचंद आणि हिरवळ. ही हॉकी वेगळी. यात चेंडू नाही. तीन इंच व्यासाची, इंचभर जाडीची, टणक रबराची चकती असते. ती उसळू नये म्हणून सामन्याआधी चक्क गोठवून ठेवतात. पाच जणी आणि गोलरक्षक बर्फावर, बाकीच्या कठड्यामागच्या बाकावर. कुणीही एका दमात पाऊण मिनिटाच्या वर क्वचितच खेळते. फेरी संपली की कठडा ओलांडून आत आणि त्याच क्षणी दुसरी बाहेर. खेळ न थांबता माणसे बदलत राहतात. इतक्या तुकड्यातुकड्यांनी खेळला जाणारा खेळ बघणाऱ्याला मात्र सलग दिसतो. आमच्या मते त्याची सारी गंमत याच अदलाबदलीत आहे.

विस्कॉन्सिनच्या बाकामागे उभा असलेला प्रशिक्षक म्हणजे मार्क जॉन्सन. शेवटच्या सेकंदांशी त्याचे जुने नाते आहे. २२ फेब्रुवारी १९८० रोजी लेक प्लॅसिडच्या ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या कॉलेजवयीन पोरांनी सोव्हिएत संघाला ४-३ हरवले, तो सामना अमेरिकेत अजून दंतकथेसारखा सांगितला जातो. त्यात पहिला भाग संपायला एक सेकंद उरला असताना बरोबरीचा गोल करणारा हा जॉन्सनच. त्या गोलानंतर रशियनांनी त्रेत्याकसारखा गोलरक्षक बाहेर बसवला. तिसऱ्या भागात पुन्हा बरोबरी साधून देणाराही हाच. एवढा मोठा खेळाडू. वडील बॉब जॉन्सन हे विस्कॉन्सिनच्या पुरुष संघाला तीनदा राष्ट्रीय विजेतेपद मिळवून देणारे प्रशिक्षक. २००२ मध्ये त्याच पुरुष संघाचे पद रिकामे झाले तेव्हा सहायक म्हणून राबलेल्या मुलाचे नाव चर्चेत होते. पद दुसऱ्याला मिळाले. जॉन्सन महिला संघाकडे गेला. तो संघ तेव्हा जेमतेम तीन हंगामांचा होता. या विजयासह त्याच्या नावावर सहाशेहून अधिक विजय आणि आठ राष्ट्रीय विजेतेपदे झाली. पुरुष संघाचे पद हुकले नसते तर काय झाले असते, याचा विचार विद्यापीठाच्या मॅडिसन शहरात कुणी करत नसेल.

या हंगामाचे कौतुक करायचे तर सुरुवात केसी ओब्रायनपासून करावी लागेल.   तिने या हंगामात गोल आणि गोलला केलेले साहाय्य मिळून ८८ गुण मिळवले आणि अंतिम सामन्याच्या आदल्या दिवशी पॅटी काझमायर पुरस्कार घेतला. प्रिन्स्टनकडून खेळलेली काझमायर १९९० मध्ये, अवघ्या अठ्ठाविसाव्या वर्षी, रक्ताच्या दुर्मीळ विकाराने गेली. तिच्या नावाचा हा सर्वोच्च सन्मान आहे. त्या पुरस्काराच्या अंतिम तिघीही विस्कॉन्सिनच्याच होत्या. दुसरी लैला एडवर्ड्स, अमेरिकेच्या वरिष्ठ महिला संघातून खेळणारी पहिली कृष्णवर्णीय खेळाडू. या हंगामात देशात सर्वाधिक, ३५ गोल तिचे. तिसरी कॅरोलाइन हार्वे, बचावफळीतली. आणि जिने सामना जिंकून दिला ती सिम्स या तिघींत नव्हतीच. २०२३ च्या अंतिम सामन्यात याच ओहायोविरुद्ध झालेला एकमेव गोलही तिचाच होता, तेव्हा ती पहिल्या वर्षाला होती.

इथवर सारे गोडच आहे. पण ३८-१-२ हा आकडा आम्हाला थोडा टोचतोही. २००१ ते २०२५ या काळात महिलांची ही राष्ट्रीय स्पर्धा २४ वेळा झाली. २०२० साली कोविडने ती गिळली. या २४ विजेतेपदांची वाटणी फक्त पाच विद्यापीठांत झाली आहे. विस्कॉन्सिन आठ, मिनेसोटा सहा, मिनेसोटा-डुलुथ पाच, क्लार्कसन तीन, ओहायो स्टेट दोन. बेरीज करून पाहा, उरत काही नाही. आपल्या रणजीत मुंबईचे जे होते त्याच्याशी हे मिळतेजुळते आहे. अंतिम सामन्यात सलग तीन वर्षे तेच दोन संघ समोरासमोर आले. मुलींची गुणवत्ता काही पाच गावांतच जन्मत नाही. पैसा, रिंक आणि टिकून राहिलेला कार्यक्रम मात्र मोजक्याच ठिकाणी असतो. विस्कॉन्सिनकडे २०१२ पासून प्रामुख्याने महिला संघासाठी बांधलेले लाबान अरीना आहे, २,२७३ आसनांचे. ते अपुरे वाटले की शेजारचे अवाढव्य कोल सेंटर आहेच. १४ जानेवारी २०१७ रोजी तिथे महिलांच्या एका साध्या साखळी सामन्याला १५,३५९ प्रेक्षक आले होते.

त्याच २०१७ चा मार्च आम्हाला आठवतो. २८ मार्चला अमेरिकेच्या राष्ट्रीय महिला संघाने आपल्या महासंघाला झुकवले. न्याय्य मानधन आणि सोयी मिळाल्याशिवाय जागतिक स्पर्धा खेळणार नाही, असे त्या सांगून बसल्या होत्या. करार झाला, आनंदीआनंद झाला. दुसऱ्याच दिवशी, २९ मार्चला, नॉर्थ डकोटा विद्यापीठाने आपला महिला आइस हॉकी संघ बंद केल्याचे जाहीर केले. कारण राज्याने अनुदानाला लावलेली कात्री. संघ दुबळा नव्हता, तिथून ऑलिंपिकपटू निघत होते. पुरुष संघ अर्थातच चालू राहिला. विद्यापीठाच्या ग्रँड फोर्क्स गावातले राल्फ एंगलस्टॅड अरीनाही जागच्या जागी राहिले, अकरा हजारांवर आसनांचे, संगमरवर आणि चामड्याच्या खुर्च्यांसाठी नावाजलेले. बर्फ होता, संघ नव्हता. अकरा महिन्यांनी, फेब्रुवारी २०१८ मध्ये, प्याँगचांगला अमेरिकेने कॅनडाला हरवून वीस वर्षांनी सुवर्ण जिंकले. हरण्याच्या उंबरठ्यावर बरोबरीचा गोल केला मोनिक लॅमरू हिने आणि शूटआउटमधला निर्णायक गोल तिची जुळी बहीण जोसेलिन हिचा. दोघी ग्रँड फोर्क्सच्याच. दोघी त्या बंद झालेल्या संघाच्याच.

विद्यापीठाच्या त्या निर्णयाला कुणी दुष्ट म्हणावे असे आम्हाला वाटत नाही. पैसा कमी पडला, कुणाला तरी काट मारायची होती, ज्याच्यासाठी कमी ओरड होईल त्याला मारली. घराघरांत हेच होते. दोन मुलांपैकी एकाचाच क्लास परवडणार असेल तर कुणाचा थांबतो, हे सांगायला अर्थतज्ज्ञ लागत नाही. फरक इतकाच की तिकडे एक कायदा आहे. १९७२ साली झालेल्या ‘टायटल नाइन’च्या मूळ वाक्यात इंग्रजीतले ३७ शब्द आहेत आणि त्यांत खेळ हा शब्द कुठेच नाही. केंद्राचा पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेने लिंगावरून कुणाला वगळू नये, एवढेच ते म्हणते. त्या एका वाक्यावर अमेरिकेतल्या मुलींचे खेळ उभे राहिले. तेव्हा शालेय स्पर्धांत खेळणाऱ्या मुली तीन लाखही नव्हत्या, आता तीस लाखांच्या पुढे आहेत. आपल्याकडे शाळेतला खेळ म्हणजे अजूनही दहावी-बारावीला मिळणारे वाढीव गुण आणि गणिताच्या सरांनी उसना घेतलेला पीटीचा तास. पण कायदा असूनही ग्रँड फोर्क्सचा संघ वाचला नाही, हेही खरेच. मुली कोर्टात गेल्या, संघ काही परतला नाही. पेनसिल्वेनियातल्या रॉबर्ट मॉरिस विद्यापीठाने तर २०२१ मध्ये महिला संघ राष्ट्रीय स्पर्धा खेळून आल्यावर दोनच महिन्यांत दोन्ही संघ बंद केले. तिथे माजी खेळाडू आणि पालक झोळी घेऊन फिरले, पैसा जमवला आणि २०२३ मध्ये संघ पुन्हा बर्फावर उतरले. अशी उदाहरणे मोजकी.

आपल्या देशातही या खेळाच्या मुली आहेत, हे इथे सांगायला हवे. २०१७ मध्ये बँकॉकला भारतीय महिला संघाने फिलिपिन्सला ४-३ हरवून पहिला आंतरराष्ट्रीय विजय मिळवला तेव्हा संघात बहुतेक लडाखच्या मुली होत्या. त्यांचा सराव लेहच्या कार्झू तलावासारख्या गोठलेल्या पाण्यावर चाले. तलाव गोठला की हंगाम सुरू, ऊन चढले की संपला, जेमतेम दोन महिन्यांचा खेळ. देहरादूनला २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांसाठी खरी, आंतरराष्ट्रीय मापाची रिंक बांधली होती. स्पर्धा संपल्या, रिंक चालवण्याचा खर्च परवडेना आणि ती वर्षानुवर्षे कुलूपबंद पडून राहिली. लेहच्या मुलींचा हंगाम सूर्य संपवत होता. देहरादूनला तो विजेच्या बिलाने संपवला. सूर्याचा राग तरी येत नाही.

म्हणून आम्हाला या विजयातला कौतुकाचा भाग १८.९ सेकंदांत दिसत नाही. तो कुणाच्याही नशिबी येऊ शकतो. त्या तक्रारीवर पंचांचे मत उलटे पडले असते तर आज हे सारे शब्द ओहायोसाठी लिहिले गेले असते आणि त्या मुलीही त्याला तितक्याच पात्र होत्या. कौतुक आहे ते एका सरकारी विद्यापीठाने १९९९ मध्ये सुरू केलेला, तिकिटांच्या पैशावर कधीच न भागणारा संघ पाव शतक न कुरकुरता चालवला याचे. किंवा कुरकुरत का होईना, चालवला. दरवर्षी बर्फ घातला, दरवर्षी बस निघाली, दरवर्षी पहिल्या वर्षाच्या नव्या मुली आल्या. खेळू पाहणाऱ्या मुलींना कुठे पोहोचायचे हे ठाऊक होते, कारण तसे एक ठिकाण जागेवर होते.

ते पुढेही राहील का, याचा निवाडा बर्फावर होणार नाही. कॅलिफोर्नियात ऑकलंडच्या न्यायालयात ७ एप्रिल २०२५ ला एका मोठ्या तडजोडीवर अंतिम सुनावणी झाली. ती मान्य झाल्याने विद्यापीठांना खेळाडूंना थेट पैसे देता येऊ लागले, एकेका विद्यापीठाला वर्षाला सुमारे दोन कोटी डॉलरपर्यंत. खेळाडूंना त्यांच्या घामाचा वाटा मिळावा याला आमचा विरोध नाही. तो त्यांना फार पूर्वीच मिळायला हवा होता. पण हा पैसा बहुतांशी फुटबॉल आणि पुरुषांच्या बास्केटबॉलकडे जाणार, हे तिकडे कुणी लपवतही नाही. दोन कोटी कुठून तरी काढावे लागतील. ते काढताना कोणत्या संघाच्या नावापुढे फुली पडेल, त्याचा अंदाज ग्रँड फोर्क्समध्ये कुणालाही विचारावा. तडजोडीत संघांच्या आकारालाही मर्यादा घातली आहे. हॉकीला २६ जणी. बाकावर बसून चार वर्षे शिकणारी, पाऊण मिनिटासाठी वाट पाहणारी सत्ताविसावी मुलगी त्यात बसत नाही.

ओब्रायनचे शिक्षण २०२५ मध्ये संपले. २०२४ च्या जानेवारीत सुरू झालेल्या महिलांच्या व्यावसायिक लीगमुळे तिला पुढे जायला निदान जागा होती. तिच्या आधीच्या पिढ्यांतल्या कित्येकींचा खेळ पदवीच्या टोपीबरोबरच खुंटीला लागत असे. सिम्सचे कॉलेजचे एक वर्ष तेव्हा बाकी होते. पुढचा हंगाम सप्टेंबरअखेर सुरू होणार होता.