कॅमेऱ्याचा हाकारा

थंडी पडूं लागली कीं पुण्यामुंबईचीं छायाचित्रकार मंडळी भिगवणची वाट धरतात. भीमेवरील उजनीचें धरण १९८० सालीं पुरें झालें. त्याच्या फुगवट्याच्या कांठीं जी उथळ दलदल निर्माण झाली, तिच्यावर रोहित पक्ष्यांचे थवे उतरूं लागले. ते पाहण्यास कोणी गेलें तर त्यास हरकत घेण्याचें कारण नाहीं. आमची हरकत आहे ती तेथें जाऊन जें केलें जातें त्यास.

चरत असलेल्या रोहिताचें चित्र आतां कोणास पुरत नाहीं. पंख उघडल्यावांचून त्यांतील तांबडा व काळा रंग नीट दिसत नाहीं, म्हणून हवें असतें तें उडत्या थव्याचें चित्र. मग नावाड्यास खूण होते, होडी थेट थव्यावर जाते, पक्षी पाण्यावरून धांवत कसेबसे वर उठतात, आणि कॅमेऱ्यांच्या कळा दाबल्या जातात. थवा पुन्हां खालीं टेकतो न टेकतो तोंच मागची होडी पुढें सरसावते.

शिकाऱ्यांच्या भाषेंत ह्यास हाकारा म्हणतात. ही केवळ उपमा नव्हे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यांत 'शिकार' ह्या शब्दाची जी व्याख्या आहे, तींत २००२ च्या दुरुस्तीपासून मारणें व पकडणें ह्यांच्याच पंक्तीस प्राण्यास हाकणें व आमिष दाखविणें हींही बसलीं आहेत. "आम्हीं बंदूक टाकून कॅमेरा धरला," असें अभिमानानें सांगणाऱ्यांनीं ही व्याख्या एकवार वाचावी. संयुक्त प्रांतांतील वनाधिकारी एफ. डब्ल्यू. चँपियन ह्यांचें वाघांच्या छायाचित्रांचें पुस्तक १९२७ सालीं निघालें. ते वाघाच्या नेहमींच्या वाटेवर कॅमेरा मांडून ठेवीत. वाघाचें पाऊल तारेवर पडलें कीं चित्र निघे. वाट पाहणें हा त्या कलेचा प्राण होता. आमच्या मंडळींनीं साधन तेवढें घेतलें, प्राण टाकून दिला.

रोहित आपली चोंच उलटी बुडवितो, जिभेनें पाणी आंतबाहेर खेळवितो, आणि चोंचेच्या कडांच्या झालरींतून शेवाळ व बारीक जीव गाळून घेतो. कणाकणानें पोट भरण्याचें हें काम तासन्‌तास चालतें. प्रत्येक सक्तीचें उड्डाण म्हणजे एक मोडलेलें जेवण आणि वर खर्ची पडलेलें बळ. भारतांत ह्या पक्ष्यांची मोठी वीण होते ती कच्छच्या रणांत. तेवढ्या लांबच्या वाटेची शिदोरी ज्यानें बांधावयाची, त्याचें ताट दिवसांतून दहा वेळां ओढावें काय?

ह्यावर दोष नावाड्यावर ढकलण्याची सोय असतेच: "आम्हीं काय करावें? होडी तोच नेतो." पण गिऱ्हाईक मनासारखें चित्र न मिळतां परतलें, तर उद्यां तें दुसऱ्याच्या होडींत बसेल, ही धास्ती त्या गरिबास कोणीं घातली? ज्यानें पैसे मोजले त्यानेंच. तेव्हां उपायही त्याच्याच हातीं आहे. भाडें तासावर ठरवावें, थवा उठवावयाचा नाहीं असें होडींत पाय ठेवण्यापूर्वींच सांगावें, आणि परततांना ठरल्याहून चार पैसे अधिक द्यावे. स्पर्धांच्या परीक्षकांनीं व मासिकांच्या संपादकांनींही उडत्या थव्याच्या प्रत्येक चित्रास एक प्रश्न विचारावा: हा थवा कशानें उठला?

चित्रांमुळें लोकांत निसर्गप्रेम जागें होतें, असेंही सांगण्यांत येतें. होत असेल, परंतु असल्या चित्रानें जागें झालेलें प्रेम पुढच्या रविवारीं होडी ठरवून तोच थवा उठविण्यास येतें.

रोहित आपण होऊनही उडतो. जागा बदलतांना, आपल्या मर्जीनें. तेवढी वाट पाहण्यास ज्यास सवड नाहीं, त्यानें घरीं बसून दुसऱ्याचें चित्र विकत घ्यावें. त्याचे पैसे वांचतील, आणि पक्ष्याचें जेवण.