जिल्ह्याचा नकाशा एकाच संगणकात नको

नकाशा ही राज्याची मालमत्ता, ती दुसऱ्याच्या सर्व्हरवर कशी ठेवायची? जीआयएस, म्हणजे भौगोलिक माहिती प्रणाली, क्लाउडवर नेण्याची गोष्ट निघाली की पहिला आक्षेप हा येतो, सगळे माना डोलावतात आणि विषय मिटतो. तो असा मिटू नये.

ही मालमत्ता आज असते कुठे? पुष्कळदा एखाद्या टेबलावरच्या संगणकात, ‘फायनल’ आणि ‘फायनल नवीन’ अशा शेजारशेजारच्या फोल्डरांत. ज्याने ती तयार केली त्याची बदली झाली की कोणता थर कोणत्या सालचा, मोजणी कशावरून झाली, हे सांगणारे कुणी उरत नाही. २१ जून २०१२ रोजी मंत्रालयाला आग लागली, तेव्हा जळालेल्या फायली आपल्याच इमारतीत, आपल्याच कपाटांत होत्या. ताबा आपला होता म्हणून त्या वाचल्या नाहीत.

माहिती देशाबाहेर जाईल, ही भीतीही तपासून पाहावी. केंद्राच्या फेब्रुवारी २०२१ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार ठरावीक मर्यादेहून अचूक, म्हणजे आडव्या मापात एक मीटरपेक्षा सूक्ष्म, भू-स्थानिक माहिती भारतातच साठवावी लागते आणि तिच्यावरची प्रक्रियाही इथेच करावी लागते. मोठ्या क्लाउड कंपन्यांची डेटा सेंटर मुंबईत आहेत, एनआयसीचा ‘मेघराज’ हा सरकारी क्लाउड आहे. मात्र आक्षेपातला एक भाग खरा आहे. कंपनी अमेरिकी असेल, तर तिथल्या २०१८ च्या कायद्याने तिच्याकडून परदेशात साठवलेली माहितीही मागता येते. म्हणून संवेदनशील थर सरकारी क्लाउडवरच असावेत आणि कूटबद्ध माहितीची किल्ली विभागाच्या हाती असावी.

सरकारी क्लाउड म्हटला की निर्धास्त व्हावे, असेही नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये दक्षिण कोरियातील देजॉन येथे सरकारी डेटा सेंटरला आग लागली आणि कर्मचाऱ्यांच्या सामायिक साठ्यातली ८५८ टेराबाइट माहिती गेली, कारण तिची दुसरी प्रत बाहेर कुठेही नव्हती. दोष एकाच जागी ठेवलेल्या एकुलत्या प्रतीचा होता. मंत्रालयातही तेच घडले होते.

दुसरा आक्षेप खर्चाचा: यंत्रे विकत घेतलेली असताना दरमहा भाडे का भरायचे? पण काम आता यंत्राच्या आवाक्यात राहिलेले नाही. सेंटिनेल-२ उपग्रहांची जोडी दर पाच दिवसांनी त्याच जमिनीची दहा मीटर विभेदनाची प्रतिमा देते. एका राज्याची काही वर्षांची नोंद टेराबाइटांत जाते आणि कृषी, जलसंपदा, वन असे विभाग तीच प्रतिमा वेगवेगळी उतरवून घेतात. विहीर घरी आणायची नसते, पाणी आणायचे असते. २०१३ मध्ये मेरीलँड विद्यापीठाच्या मॅथ्यू हॅन्सन आणि सहकाऱ्यांनी जगभरातल्या जंगलांचा बारा वर्षांचा ऱ्हास लँडसॅट उपग्रहांच्या साडेसहा लाखांवर प्रतिमांवरून मांडला. एका संगणकाला ज्या कामासाठी वर्षे लागली असती, ते गूगल अर्थ इंजिन या क्लाउड प्रणालीवर काही दिवसांत झाले. लँडसॅटचा साठा २००८ मध्येच सर्वांना फुकट खुला झाला होता, पण ज्याच्याकडे यंत्रे नव्हती त्याला त्या खुलेपणाचा उपयोग फारसा नव्हता.

आता क्लाउड विकणाऱ्यांविषयीही बोलले पाहिजे. आहे ती प्रणाली उचलून भाड्याच्या सर्व्हरवर ठेवली की काम झाले, असे ते सांगतात. तसे केल्याने बिल वाढते, बाकी काही बदलत नाही: यंत्र रात्रभर रिकामे चालते, माहिती बाहेर काढताना वेगळे शुल्क लागते आणि पाच वर्षांनी कंपनी बदलावीशी वाटली तर बदलता येत नाही. अर्थ इंजिनसाठी लिहिलेली स्क्रिप्टसुद्धा दुसरीकडे जशीच्या तशी चालत नाही. याला उपाय आहेत आणि ते फुकट आहेत. प्रतिमा ‘क्लाउड ऑप्टिमाइज्ड जिओटिफ’ या खुल्या स्वरूपात ठेवली की अख्खी फाइल न उतरवता हव्या त्या तालुक्याचा तुकडा वाचता येतो. सीमा आणि गट पोस्टजीआयएस या खुल्या डेटाबेस प्रणालीत ठेवता येतात.

तालुक्यात इंटरनेट नसते, हा आक्षेप लवकर सुटतो. क्यूफील्डसारख्या अॅपमध्ये नकाशा फोनवर घेऊन शिवारात नोंदी कराव्यात आणि नेटवर्क आले की त्या चढवाव्यात.

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा आणि पंचगंगेचे पाणी सांगली-कोल्हापुरात शिरले, तेव्हा आभाळ भरलेले होते. साधा उपग्रह तिथे आंधळा असतो, सेंटिनेल-१ चे रडार मात्र ढगांपार पाहते. अशी प्रतिमा हाती आल्यावर कोणती गावे पाण्यात आहेत, हे बचावपथक निघण्याआधी कळायला हवे. एका संगणकावर तिची फाइल उतरेपर्यंत बोटी रवाना झालेल्या असतात. म्हणून राज्याच्या पुढच्या जीआयएस निविदेत तीन अटी लेखी असाव्यात: माहिती खुल्या स्वरूपात, दुसरी प्रत दुसऱ्या शहरात, आणि करार संपताना सगळी माहिती शुल्काविना परत. हे मान्य नसलेल्या कंपनीला काम देऊ नये. आणि या अटी मान्य झाल्यावर ‘नकाशे आमच्याच खोलीत राहू द्या’ म्हणणाऱ्या अधिकाऱ्याचेही ऐकू नये.