स्वस्त, पण कुणासाठी?

५ ऑक्टोबर २०११ रोजी दिल्लीत तेव्हाचे केंद्रीय मनुष्यबळ विकासमंत्री कपिल सिब्बल यांनी ‘आकाश’ टॅबलेट विद्यार्थ्यांच्या हाती दिला आणि वाद पेटला. त्या वर्षी आयपॅड २ आपल्याकडे २९,५०० रुपयांपासून मिळत होता. आकाश सरकारला अडीच हजारांच्या आत पडला. साहजिकच लोकांनी दोघांना शेजारी ठेवलं. ही तुलना मला तेव्हाही पटली नव्हती. ज्या मुलाकडे संगणकच नाही, त्याच्यापुढे निवड आयपॅडची नव्हती, सायबर कॅफेतल्या तासाभराची होती.

पण तक्रारी खोट्या नव्हत्या. आकाशच्या पडद्याचे दोन थर दाबून एकमेकांना टेकले, तरच त्याला स्पर्श कळे. महागड्या टॅबलेटवर बोट नुसतं फिरवलं की पान सरकतं. इथे जोर लावावा लागे. त्यात ३६६ मेगाहर्ट्‌झचा प्रोसेसर आणि २५६ एमबी रॅम. व्हिडिओवरचा धडा यावर सुरळीत चालणार कसा? ‘एवढ्या पैशात एवढंच मिळायचं’ हे उत्तर मला संतापजनक वाटतं. गरिबाच्या मुलाचा वेळही वेळच असतो.

पुढे प्रकल्प पवईच्या आयआयटीकडे आला. नोव्हेंबर २०१२च्या आकाश २मध्ये हलक्या स्पर्शाचा पडदा, एक गिगाहर्ट्‌झचा प्रोसेसर आणि दुप्पट रॅम होती, किंमत मात्र जवळपास तीच. म्हणजे सुधारणा शक्य होती.

या अंकात आजच्या स्वस्त टॅबलेटची तुलना आहे. पडदा, बॅटरी आणि दुरुस्तीची सोय आम्ही आधी पाहिली, किंमत त्यानंतर.