चकतीची साक्ष

महामार्गालगत : पांथस्थ

पानेवाडीच्या तेल आगारांतून पेट्रोल-डिझेल भरून निघालेले टँकर मालेगावच्या मनमाड चौफुलीवर येतात, तेव्हा त्यांच्या पाठीवरील ज्वालाग्राही द्रव्याची सूचना आपण सारेच वाचतो. परंतु धोकादायक माल वाहणाऱ्या अशा गाड्यांना १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनी जे यंत्र बसविण्याचा हुकूम दिला आहे, त्या टॅकोग्राफकडे, आणि जुन्या बनावटीच्या यंत्रात घालावयाच्या कागदी चकतीकडे, खुद्द मालकांचेही लक्ष क्वचितच जाते.

ही चकती तळहाताएवढी असते. तिच्यावर मेणासारखा फिकट लेप असतो. शाईचा थेंबही न वापरता सुईचे टोक तो लेप खरवडते आणि वेग, चालण्या-थांबण्याचा काळ व कापलेले अंतर यांच्या रेघा चोवीस तासांच्या वर्तुळावर उमटतात. अंतराची रेघ करवतीच्या दात्यांसारखी असून तिचा प्रत्येक चढ पाच किलोमीटरांचा, प्रत्येक उतारही तितकाच. मधल्या कोऱ्या जागेत चालकाने स्वहस्ते नाव, दिनांक, गाडीचा क्रमांक आणि निघतानाचा मीटरचा आकडा लिहावयाचा.

आता या दस्तऐवजाची खरेदी करताना पुष्कळांच्या हातून जी गफलत होते, ती अशी की, दिसायला सारख्या म्हणून दुसऱ्याच यंत्राच्या चकत्या आणल्या जातात. यंत्राचा कमाल वेग शंभर आणि चकतीवर छापलेला सव्वाशे असेल, तर ताशी ६० किलोमीटरने, म्हणजे टँकरच्या वेगनियंत्रकास ठरवून दिलेल्या मर्यादेतच, गाडी हाकणारा प्रामाणिक चालक कागदावर ढोबळ मानाने ७५ चा गुन्हेगार ठरतो. आणि याच्या उलट जोडी जमली, तर राहुड घाट ७५ ने उतरणाऱ्याची रेघ ६० वर निर्दोष दिसते. खोटी साक्ष देणारा साक्षीदार पदरचे पैसे खर्चून गाडीत बसविण्यासारखेच हे आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

जानेवारी २०२४ मध्ये अपघातविषयक नव्या फौजदारी तरतुदीविरुद्ध चालकांनी गाड्या उभ्या केल्या, तेव्हा पानेवाडीचे टँकरही थांबले होते. अपघातानंतर जमावापुढे आणि पंचनाम्यात आपली बाजू कोण मांडणार, ही त्यांची धास्ती मला रास्त वाटते. अपघाताच्या प्रसंगी वेग किती होता, तो केव्हा उतरला, पाच तासांनंतरची अर्ध्या तासाची विश्रांती मिळाली होती की नाही, हे सांगणारा बिनचूक कागद चालकाच्या जबाबाला बळ देतो, आणि मालकाने त्याला रात्रंदिवस राबविले असेल तर तेही लपू देत नाही.

आमच्याकडील उन्हाळ्याचा विसर पडू देऊ नये. बंद केबिनमध्ये काचेखाली तापत पडलेल्या चकत्यांचा लेप मऊ होतो, नखाचा ओरखडाही त्यावर नोंद म्हणून उमटतो. चकत्या दप्तरात, सावलीत ठेवाव्यात. चोवीस तास उलटताच चकती बदलावी, नाहीतर दुसऱ्या दिवसाची रेघ पहिल्या दिवसावर चढते आणि दोन्ही दिवस वाया जातात.

माझी मालेगावच्या टँकरमालकांना कळकळीची विनंती आहे : पुढील मागणीपत्रावर केवळ ‘चकत्या, शंभर नग’ एवढेच लिहू नका, यंत्राची बनावट आणि त्याच्या तबकडीवरील कमाल वेगाचा आकडा आधी लिहा, आणि माल आल्यावर पहिली चकती चालकासमक्ष ताडून पाहा.