‘सोय झाली’ म्हणजे काय झाले?

घरातील मतिमंद मुलाला वा मुलीला एखाद्या निवासी संस्थेत प्रवेश मिळाला, की आपल्याकडे एक वाक्य हमखास उच्चारले जाते: ‘‘बरे झाले, त्याची सोय झाली.’’ शेजारी म्हणतात, मामा-मावश्या म्हणतात, फादरही म्हणतात. वाक्य सद्‌भावनेचे आहे. बोलणाऱ्याच्या हेतूविषयी आम्हांला तिळमात्र शंका नाही. आमचा आक्षेप आहे तो त्या वाक्यानंतर येणाऱ्या पूर्णविरामाला. सोय नेमकी कोणाची झाली आणि ती कशी आहे, हे त्यानंतर कोणीच विचारीत नाही.

आमचा रोख आईवडिलांवर नाही, हे आधीच स्पष्ट केलेले बरे. सत्तरीला टेकलेली आई चाळिशीच्या मुलाला आंघोळ घालते, दाढी करून देते, आणि आपल्यामागे ह्याचे काय, ह्या विचाराने तिला झोप येत नाही. अशी घरे बहुतेक धर्मग्रामांत आहेत. त्यांनी संस्थेचे दार ठोठावले तर त्यांना दोष देण्याचा अधिकार कोणालाही नाही. आमचा रोख आहे तो संस्थेचे नाव निघताच हात जोडून प्रश्न गिळणाऱ्या आपल्या सामुदायिक भाबडेपणावर. नाताळच्या आठवड्यात तरुण मंडळ केक घेऊन जाते, गाणी होतात, छायाचित्रे निघतात. कोणी वाढदिवसाचे जेवण देतो, कोणी आईच्या स्मरणार्थ पंखा. हे सारे होते दिवसाढवळ्या, आगाऊ कळवून. त्या दिवशी चादरी धुतलेल्या असतात.

संस्थेचा खरा दर्जा कळतो तो रात्री. रात्रपाळीला किती माणसे असतात? चाळीस खाटांमागे एकच थकलेली मावशी असेल, तर मध्यरात्री फिट आलेल्या मुलाजवळ कोण धावते? संध्याकाळचे जेवण पाच वाजता का उरकले जाते? मुलांना तेव्हा भूक लागते म्हणून, की स्वयंपाकीणबाईंची बस साडेपाचची असते म्हणून? मुलींचे केस सरसकट का कापलेले आहेत? उवांचा त्रास वाचतो म्हणून ना? मग तो त्रास कोणाचा वाचला? ज्याचे त्याचे कपडे ज्याच्या त्याच्या अंगावर असतात, की धुऊन आलेल्या ढिगातून हाताला येईल ते चढवले जाते? शांत बसलेली मुले स्वभावाने शांत आहेत की गोळ्यांनी? आणि त्या गोळ्या कोणत्या डॉक्टरने, केव्हा तपासून लिहून दिल्या? हे प्रश्न उद्धटपणाचे नाहीत. आपल्या धडधाकट मुलाला वसतिगृहात ठेवताना ह्याहून दसपट प्रश्न आपण विचारतो.

प्रश्न न विचारण्याची किंमत काय असते, ते महाराष्ट्राने पाहिले आहे. १९९४ साली पुणे जिल्ह्यातील शिरूरच्या सरकारी वसतिगृहातील मतिमंद मुलींना ससून रुग्णालयात नेऊन त्यांची गर्भाशये काढण्यात आली. कारण सांगितले गेले ते पाळीच्या दिवसांतील स्वच्छतेचे. महिला संघटनांनी आवाज उठवला, म्हणून प्रकरण गाजले. ह्या निर्णयामागचा विचार नीट उलगडून पाहा. अडचण होती ती मनुष्यबळाची. दोन आया जास्त नेमून, धीराने शिकवून ती सुटली असती. पण संस्था बदलण्याऐवजी मुलींचे शरीर बदलणे सोपे वाटले. त्यांना गर्भ राहण्याची भीती उरणार नाही, असेही समर्थन तेव्हा ऐकू आले. गर्भाशय काढल्याने अत्याचार थांबत नाही, फक्त त्याचा पुरावा नाहीसा होतो. गर्भातील जिवाच्या रक्षणासाठी आपली ख्रिस्तसभा ठाम उभी राहते आणि ते योग्यच आहे. मात्र तोच जीव तिशी-चाळिशीत कुलूपबंद दालनात बसलेला असतो, तेव्हा आपला आवाज इतका का खाली जातो?

पुढे २०१० साली ठाणे जिल्ह्यातील कवडास येथील मतिमंद मुलांच्या वसतिगृहातील कुपोषणाच्या आणि मृत्यूंच्या बातम्या आल्या, आणि मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. २०११ साली पनवेलजवळ कळंबोलीच्या एका खाजगी संस्थेतील मुलींवर झालेले अत्याचार उजेडात आले. २०१३ साली मुंबईच्या सत्र न्यायालयाने संस्थाचालकासह अनेकांना दोषी ठरवले. तेथेही देणगीदार येत असतील, खाऊ वाटून जात असतील. पण सत्य बाहेर आले ते कोणीतरी बाहेरचे माणूस आत जाऊन मुलींशी बोलले तेव्हा. ‘त्यांना काय कळते’ असे जे सहज म्हणतात, त्यांनी हे ध्यानात ठेवावे.

ह्यावर दोन उत्तरे हमखास येतात. पहिले: पैसा कमी पडतो. खरे आहे, कमी पडतो. पण इंग्लंडमध्ये ब्रिस्टलजवळच्या विंटरबोर्न व्ह्यू ह्या खाजगी रुग्णालयात एका माणसामागे आठवड्याला सरासरी साडेतीन हजार पौंड आकारले जात होते. २०११ साली बीबीसीने छुप्या कॅमेऱ्याने तेथील मारहाण जगाला दाखवली, आणि २०१२ साली अकरा कर्मचाऱ्यांना शिक्षा झाली. तेथील एका परिचारकाने आधीच तक्रार केली होती. देखरेख करणाऱ्या सरकारी यंत्रणेने ती मनावर घेतली नव्हती.

दुसरे उत्तर आपल्या अधिक जवळचे आहे: आपल्या माणसांच्या, व्रतस्थांच्या संस्थांत असे होणे नाही. ह्या क्षेत्रात राबणाऱ्या सिस्टर्सचे ऋण आम्ही मानतो. पण ज्यॉं व्हानिए ह्यांचे उदाहरण पाहा. १९६४ साली फ्रान्समधील त्रोली ह्या खेड्यात दोन मतिमंद पुरुषांना सोबत घेऊन त्यांनी एका लहानशा घरात संसार मांडला. त्यातून ‘लार्श’ची घरे देशोदेशी पसरली, १९७० साली बंगलोरला आशा निकेतन निघाले. हयातीतच लोक त्यांना संत मानू लागले होते. २०१९ साली ते निवर्तले, आणि २०२० साली लार्शनेच बाहेरच्या मंडळींकडून करवलेल्या चौकशीत निष्पन्न झाले, की त्यांनी आध्यात्मिक मार्गदर्शनाच्या नावाखाली अनेक स्त्रियांचे लैंगिक शोषण केले होते. त्या स्त्रिया मतिमंद नव्हत्या, हेही नोंदवले पाहिजे. संस्थापकाच्या पुण्याईवर दर्जा तारण ठेवता येत नाही, हा त्यातला एक धडा. पण ते अहवाल लार्शने स्वतः जगापुढे ठेवले, हे आम्हांला तितकेच मोलाचे वाटते. आपल्याकडील किती विश्वस्त मंडळांची एवढी तयारी आहे?

शब्द मात्र आपण तत्परतेने बदलतो. मतिमंद गेले, विशेष आले, मग दिव्यांग आले. पाट्या रंगवून झाल्या. खाटांमधले अंतर तेवढेच राहिले.

कायदा आपल्यापेक्षा पुढे गेला आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या पाचव्या कलमाने दिव्यांगांना समाजात राहण्याचा हक्क दिला, आणि अमुकच ठिकाणी राहा अशी सक्ती त्यांच्यावर होऊ नये, ह्यासाठी सरकारने प्रयत्न करावा असे म्हटले. म्हणजे त्यांना विचारायला हवे. ते कसे विचारायचे, असा प्रश्न पडणाऱ्यांना बार्तीमय आठवावा. त्या आंधळ्याला काय हवे आहे हे उघड दिसत असतानाही प्रभूने आधी त्यालाच विचारले. बोलता न येणाराही ताट सरकवून, हात धरून, दाराशी जाऊन उत्तर देत असतो. ते वाचणारे माणूस रोज जवळ लागते, आणि चाळीस खाटांच्या दालनात ते मिळत नाही.

म्हणून आमची मागणी इमारतीच्या नव्या मजल्याची नाही. वसईच्या गावांत मुले परदेशी गेल्यामुळे कुलूप लागलेले बंगले कमी नाहीत. त्यांपैकी एक भाड्याने घेऊन चार जणांनी दोन सेवकांसह तेथे राहावे. अंगणात विहीर असावी, शेजारच्या घरी जाता यावे, रविवारी मिस्साला चालत जाता यावे. असे घर नोंदणीकृत असावे. त्याच्या भेटीसाठी धर्मग्रामाने पाच जणांची समिती नेमावी, त्यांत दोन पालक असावेत, आणि तिने न कळवता, रात्रीसुद्धा, जावे. ज्या संस्थांना आज धर्मग्रामातून देणगी जाते, त्यांनाही हीच अट घालावी. जी संस्था दार उघडणार नाही, तिच्या वाट्याचा पंखा आणि केक ह्या वर्षी थांबवावा, आणि का थांबवला ते तिला लेखी कळवावे.