हौस जुन्या स्पोर्ट्‌स कारची

मद्रासच्या माणसाला मोटारींच्या शर्यतींचे वेड जुनेच. शहराच्या उत्तरेला शोलावरम इथे दुसऱ्या महायुद्धातली एक विमानांची धावपट्टी पडून होती. पन्नासच्या दशकापासून तिच्यावर शर्यती होऊ लागल्या आणि त्या पाहायला माणसे डबे बांधून जाऊ लागली. पुढे १९९० मध्ये श्रीपेरुंबुदूरजवळ इरुंगाट्टुकोट्टै इथे शर्यतींसाठी खास मार्ग तयार झाला. २०२४ मध्ये तर आयलंड ग्राउंडच्या भोवतीच्या नेहमीच्या रस्त्यांवर रात्रीच्या दिव्यांत शर्यत झाली. अशा गावात एखाद्या तरुणाला साधी हॅचबॅक नको, ‘जरा दम असलेली’ गाडी हवी, असे वाटले तर नवल नाही. नवी परवडत नाही, तेव्हा जुनी. आणि कपाटातल्या दागिन्यासारखी रविवारी काढायची नाही, रोज ऑफिसला न्यायची.

हा हट्ट अगदीच वेडगळ आहे का? तसे नाही. फक्त ‘स्पोर्ट्‌स कार’ हा शब्द आपल्याकडे जरा सैल अर्थाने घ्यावा लागतो. दोन दारांची, दोन माणसांची अस्सल भारतीय गाडी म्हणाल तर बंगळूरच्या सॅन मोटर्सची ‘स्टॉर्म’. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस ती आली. अंग फायबरग्लासचे, इंजिन रेनॉचे आणि जेमतेम १.२ लिटरचे. दिसायला झोकदार, पण विकली गेली हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. आज ती सापडलीच तर तिची काच किंवा बंपर शोधण्यात वर्ष जाईल. रोजच्या वापराला तिचे नाव घेऊ नये.

मग उरतात त्या चार दारांच्या, घरच्यांना सामावून घेणाऱ्या, पण इंजिनात जोर असलेल्या गाड्या. आणि त्यांतल्या दोन-तीन चेन्नईच्याच लेकी आहेत. फोर्डची ‘इकॉन’ १९९९ मध्ये मरैमलै नगरच्या कारखान्यातून बाहेर पडली. तिचे १.६ लिटरचे पेट्रोल इंजिन त्या काळच्या मध्यमवर्गीय गाड्यांत चांगलेच चपळ मानले जाई. हिंदुस्तान मोटर्सने मित्सुबिशीची ‘लान्सर’ १९९८ मध्ये तिरुवळ्ळूरला बनवायला घेतली आणि २००६ मध्ये तिच्या पाठोपाठ दोन लिटरची ‘सेडिया’ आणली. सेडिया राष्ट्रीय रॅली स्पर्धांत इतकी धावली, की तिच्या खालच्या बांधणीबद्दल कोणी शंका घेत नाही. यांच्या जोडीला २००१ ची फियाट ‘पॅलिओ’ १.६, आणि अलीकडची हवी असेल तर २०१३ मध्ये आलेली फोक्सवॅगनची ‘पोलो जीटी’. यांतल्या बऱ्याच गाड्या आज एखाद्या साध्या नव्या छोट्या गाडीपेक्षा कमी पैशांत मिळतात. इथेच माणूस फसतो. गाडी विकत घेण्याची किंमत आणि गाडी पाळण्याची किंमत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

समजा, पुण्याहून बदली होऊन चेन्नईला आलेले एक जोडपे आहे. घर वेळाचेरीला, नोकरी ओल्ड महाबलिपुरम रोडवर, घरात एक शाळकरी मुलगी आणि नवऱ्याची आई. नवरा सेडियाच्या चित्रांत रमलेला. बायको शांतपणे विचारते, ‘‘अहो, पण आई मागे कशा बसणार? गुडघे दुखतात त्यांचे.’’ प्रश्न रास्त आहे. गाडी जितकी खाली बसलेली, तितके वयस्क माणसाला आत-बाहेर करणे अवघड. त्यातून चेन्नईतल्या इमारतींच्या तळघरातले उतार आणि गल्लोगल्लीचे गतिरोधक! गाडीचे पोट घासले, की प्रत्येक वेळी जीव खाली-वर होतो.

दुसरा प्रश्न अॅव्हरेजचा. महिन्याला हजार किलोमीटर फिरणे झाले, गर्दीत गाडीने लिटरला दहा किलोमीटर दिले आणि पेट्रोल शंभर रुपयांच्या आसपास धरले, तर महिन्याचे दहा हजार गेले. तेच अठरा देणाऱ्या साध्या गाडीला साडेपाच हजारांच्या आसपास लागतात. वर्षाचा फरक पन्नास हजारांच्या वर जातो. ही रक्कम ज्यांना सहज सोसते त्यांनी पुढे वाचावे. ज्यांना ती मुलीच्या फीमधून काढावी लागेल, त्यांनी इरुंगाट्टुकोट्टैला जाऊन शर्यत पाहावी, तिकीट स्वस्त पडेल.

गाडी पाहायला निघालात, की चेन्नईत सर्वांत आधी एकच गोष्ट शोधायची: पाणी. डिसेंबर २०१५ चा पूर आणि डिसेंबर २०२३ चे ‘मिचाँग’ वादळ, या दोन वेळी शहरातल्या असंख्य गाड्या पाण्यात उभ्या राहिल्या. २०२३ मध्ये वेळाचेरीतल्या लोकांनी आपल्या गाड्या उड्डाणपुलावर नेऊन ओळीने लावल्या होत्या, आणि पुढच्या वर्षी ऑक्टोबरमध्ये पावसाचा इशारा येताच पुन्हा लावल्या. ज्यांना ते सुचले नाही, त्यांच्या गाड्या धुऊन-पुसून, नवे गालिचे घालून बाजारात येतात. बाहेरून त्या लखलखीत दिसतात. म्हणून सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहावा. जो भाग नेहमी आत गुंडाळलेला असतो, त्यावर चिखलाची रेघ राहते. पायाखालचा गालिचा उचलून वास घ्यावा. स्टेपनीचे चाक काढून त्या खोबणीत गंज किंवा गाळ आहे का ते पाहावे. दिव्यांच्या काचेत आतून ओलसर धुके साचलेले असेल तर तेही लक्षण वाईटच. पाणी इंजिनापेक्षा वायरिंगचा घात अधिक करते, आणि तो घात सहा महिन्यांनी, भर पावसात, रात्री दिसतो.

बेसंट नगर किंवा तिरुवान्मियूरसारख्या समुद्राजवळच्या भागात उघड्यावर राहिलेली गाडी असेल, तर दारांच्या खालच्या कडा आणि चाकांच्या कमानी बोटाने चाचपाव्यात. खारा वारा रंगाच्या आतून काम करतो.

टायर नवे दिसत असले तरी बाजूला चार आकडे असतात, ते वाचावेत. ३५१९ असेल तर तो २०१९ च्या पस्तिसाव्या आठवड्यात तयार झाला. किलोमीटरचा काटा मागे फिरवता येतो, पण ब्रेकच्या पॅडलचे झिजलेले रबर आणि चकाकणारे स्टिअरिंग सहसा खोटे बोलत नाहीत. फार मोठे सायलेन्सर, कापलेल्या स्प्रिंगा, ‘जरा ट्यून केली आहे’ असे कौतुकाने सांगितलेले इंजिन, या गोष्टी जिच्यावर आहेत ती गाडी सोडून द्यावी. आधीच्या मालकाने तिच्यावर हौस भागवून घेतली आहे. उरलेली दुरुस्ती तुमच्या वाट्याला.

सुट्या भागांचे काय? फोर्डने २०२१ मध्ये भारतात गाड्या बनवणे थांबवत असल्याचे जाहीर केले आणि २०२२ मध्ये मरैमलै नगरमधून गाड्या निघणे बंद झाले. लान्सर-सेडियाही इतिहासजमा झाल्या. तरी चेन्नईकरांना एक आधार आहे, तो पुदुपेट्टैचा. मोडीत निघालेल्या गाड्यांचे दरवाजे, दिवे, गिअरबॉक्स तिथल्या गल्ल्यांत ढिगाने रचलेले असतात. नवे सामान जनरल पॅटर्स रोडवर. मात्र गाडी घेण्याआधीच एखादा भरवशाचा मेकॅनिक गाठावा आणि त्याला विचारावे, ‘या गाडीचा क्लच, रेडिएटर आणि हेडलाइट किती दिवसांत मिळेल?’ त्याने लगेच उत्तर दिले नाही, तर गाडी कितीही देखणी असो, रोजच्या कामाची नाही. शिवाय आता पंपावर वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल येते. जुन्या गाड्या त्यासाठी बनलेल्या नव्हत्या. त्यांच्या इंधनाच्या रबरी नळ्या आणि सील एकदा बदलून घेणे शहाणपणाचे.

कागदपत्रांत तर तिळमात्र कसूर नको. इकॉन २०११ पर्यंत बनत होती, म्हणजे अशा गाड्यांची नोंदणीची पंधरा वर्षे संपली आहेत किंवा संपत आली आहेत. एप्रिल २०२२ मध्ये मोटारीच्या नोंदणीच्या नूतनीकरणाचे शुल्क सहाशेवरून पाच हजार रुपये झाले होते. ते कोण भरणार हे सौद्यातच ठरवावे. पुण्याची गाडी आणायची असेल तर तिथल्या आरटीओचे ना-हरकत प्रमाणपत्र, म्हणजे फॉर्म २८, हवे. शिवाय बारा महिन्यांपेक्षा जास्त काळ इथे ठेवायची तर तमिळनाडूची नवी नोंदणी आणि इथला कर. पुदुच्चेरीच्या नंबरच्या गाडीलाही हाच नियम, दलाल काहीही सांगो. गाडीवर आधीचे कर्ज असेल तर बँकेचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नयेत.

आणि विकणाऱ्यानेही डोळे उघडे ठेवावेत. फॉर्म २९ आणि ३० वर नुसत्या सह्या करून गाडी देऊन टाकायची आपल्याकडे फार सवय. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की गाडी कितीही हातांतून गेली असली, तरी नोंदणीवर ज्याचे नाव आहे तोच कायद्याने मालक, आणि अपघाताची भरपाई त्याच्यावर येते. त्या प्रकरणात गाडी एकामागून एक बऱ्याच जणांनी विकत घेतली होती, नाव मात्र पहिल्याचेच राहिले होते. विमाही चौदा दिवसांच्या आत आपल्या नावावर करून घ्यावा. आधीच्या मालकाचा ‘नो क्लेम बोनस’ त्याच्याबरोबर जातो, गाडीबरोबर येत नाही. तेव्हा पहिला हप्ता अपेक्षेपेक्षा जास्त येईल हे धरून चालावे.

एवढे सगळे जुळले, तर चाचणीच्या फेरीला एकट्याने जाऊ नये. ईस्ट कोस्ट रोडवर पहाटे कोणतीही गाडी गोड वाटते. शक्यतो मे महिन्यात, दुपारी दोनला, आईंना मागे बसवून, एसी लावून गाडी ओल्ड महाबलिपुरम रोडच्या सिग्नलला उभी करावी. दहा मिनिटे काट्याकडे बघत राहावे. इंजिन तापले नाही, क्लचने पाय भरून आला नाही आणि मागून ‘बरी आहे हो गाडी’ असे ऐकू आले, तर मग किमतीची घासाघीस सुरू करायला हरकत नाही.